मोठा टायर हवा, पण चाक कुठलं?

अलिबागहून मुरुडच्या रस्त्याला लागलं की आधी नागाव लागतं, मग चौल आणि मग रेवदंडा. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांच्या पलीकडे समुद्र. याच रेवदंड्याच्या किनाऱ्यावर २०२४ साल संपता संपता एक गंमत झाली. गंमत म्हणजे बघणाऱ्यांची हं, गाडीवाल्यांची नव्हे! मुंबईची मंडळी चक्क फेरारी मोटार घेऊन वाळूत उतरली आणि गाडी रुतली. किती जोर लावला तरी हलेना. शेवटी बैलगाडी आली, दोर बांधला, बैलांनी मान खाली घातली आणि कोट्यवधी रुपयांची ती मोटार बाहेर ओढली. त्याची चित्रफीत तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलीही असेल.

आता मला सांगा, मोटार रुतली, मग बैलगाडी का नाही रुतली? फेरारीचे टायर काही अरुंद नसतात. बैलगाडीच्या चाकापेक्षा चांगले रुंद असतात.

याचं एक कारण असं, की बैलगाडीचं चाक फक्त फिरतं. गाडी ओढायचं काम बैलांच्या खुरांचं. मोटारीचं तसं नाही. तिथे इंजिन चाकाला फिरवतं आणि चाक जमिनीला मागे ढकलतं. जमीन घट्ट असेल तर गाडी पुढे जाते. जमीन म्हणजे भुसभुशीत वाळू असेल तर चाक वाळूच मागे फेकतं, स्वतःसाठी खड्डा खणतं आणि त्यात बसतं. जितका जोर जास्त, तितका खड्डा खोल! दुसरं कारण म्हणजे बैलगाडीचं चाक चांगलं उंच असतं. मोठं चाक खाचखळग्यावरून सहज जातं, लहान चाक त्यात अडकतं. तुमच्या सायकलचं चाक आणि स्केटिंगच्या बुटाचं चाक आठवा, म्हणजे पटेल.

अशी चित्रफीत पाहिली की ज्यांच्याकडे जीप असते त्या घरात एक संवाद हमखास होतो. “बाबा, आपल्या जीपला मोठे टायर लावू या ना! मग आपण कुठेच अडकणार नाही.” बाबांच्याही मनात तेच असतं. हा संवाद माझ्या मामाच्या घरीही झाला होता. त्याचं पुढे काय झालं ते आज सांगतो. पण त्याआधी थोडं गणित करावं लागेल. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराचंच आहे.

टायरवरचे आकडे

घरातल्या कुठल्याही मोटारीच्या टायरजवळ उकिडवे बसा. त्याच्या कडेच्या भिंतीवर काही आकडे दिसतील. उदाहरणार्थ २०५/७० आर १५. मारुतीच्या जिप्सीला याच मापाचे टायर येत. यातले २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती टक्क्यांत. २०५ चे ७० टक्के म्हणजे १४३.५ मिलीमीटर. आर म्हणजे टायरच्या आतले धागे ज्या पद्धतीने घातलेत ती रेडियल पद्धत. आणि १५ म्हणजे ज्या चाकावर तो बसतो त्याचा व्यास, पण हा इंचांत! एकाच ओळीत मिलीमीटर, टक्के आणि इंच. आहे की नाही खिचडी?

आता पूर्ण टायरची उंची काढू. १५ इंच म्हणजे ३८१ मिलीमीटर. त्यात वरची भिंत आणि खालची भिंत मिळवा. ३८१ + १४३.५ + १४३.५ = ६६८ मिलीमीटर.

मामाच्या डोक्यात होते २३५/७५ आर १५. करा बरं हिशेब. २३५ चे ७५ टक्के म्हणजे १७६.२५. दोन भिंती मिळून ३५२.५. त्यात ३८१ मिळवले की ७३३.५ मिलीमीटर. म्हणजे टायर साडेपासष्ट मिलीमीटर उंच झाला. पण गाडी तेवढी उंच होत नाही बरं का! चाकाचा कणा टायरच्या मधोमध असतो, म्हणून गाडी निम्मीच, जेमतेम ३३ मिलीमीटर उचलली जाते. सव्वा इंचाच्या थोडं वर.

आणि त्याची किंमत? जुना टायर एका फेऱ्यात २ मीटर १० सेंटीमीटर जायचा, नवा २ मीटर ३० सेंटीमीटर जातो. पण गाडीतला वेगाचा काटा बिचारा फेरेच मोजतो. त्याला टायर बदलल्याचं कुणी सांगितलेलं नसतं. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या वेगाने पळत असते! शिवाय मोठं चाक फिरवायला इंजिनाला जास्त कष्ट आणि थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट.

चाकाचं माप, धावेचं माप

टायर म्हणजे बाहेरचं रबर. ते ज्यावर चढवतात ते लोखंडाचं किंवा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं चाक. गॅरेजवाले त्याला रिम किंवा डिस्क म्हणतात. आपल्याकडे टायर हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून ही जोडी होती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी बसवत, तिला ‘धाव’ म्हणतात. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहान करायचा. मग ती गोवऱ्यांच्या जाळात लाल तापवायचा. तापली की ती प्रसरण पावे. तेवढ्यात ती चाकावर ठोकून बसवायची आणि वर पाणी ओतायचं. धाव आकसली की चाकाचे सगळे सांधे आवळले जात. धाव जरा मोठी झाली तर सुटून जाई, जरा लहान झाली तर चढतच नसे. माप चुकलं की सगळं चुकलं, हे त्या लोहाराला पक्कं माहीत होतं.

मोटारीच्या चाकाची मापं त्याहून जास्त आहेत. एकेक पाहू.

पहिलं माप व्यासाचं. १५ इंची टायर १५ इंची चाकावरच बसतो. इथे तडजोड नाही. मात्र गाडीला निरनिराळ्या व्यासांची चाकं असू शकतात. २०२० साली आलेली महिंद्राची थार घ्या. तिला एका प्रकारात २४५/७५ आर १६ टायर होते, दुसऱ्यात २५५/६५ आर १८. पहिल्याची रबरी भिंत १८४ मिलीमीटर, दुसऱ्याची १६६. चाक मोठं, चकचकीत. पण त्यावरचं रबर कमी. दगडाचा मार आणि वाळूतला पसारा सांभाळायचा तर रबराची उंच भिंत बरी. म्हणजे ‘मोठा टायर’ हवा असेल, तेव्हा ‘मोठं चाक’ हवंच असं नाही. उलट पुष्कळदा लहान व्यासाचं चाकच बरं.

दुसरं माप रुंदीचं. प्रत्येक टायरला चाकाची किमान आणि कमाल रुंदी ठरवून दिलेली असते. टायर बनवणाऱ्यांच्या तक्त्यात ती मिळते. २३५/७५ आर १५ ला किमान ६ इंच रुंदीचं चाक लागतं. जिप्सीच्या मूळ चाकाची रुंदी साडेपाच इंच. त्यावर तो टायर चढवला तर त्याचे दोन्ही काठ आत ओढले जातात आणि टायर मध्येच फुगतो. मग मधला भाग आधी झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. २१५/७५ आर १५ मात्र साडेपाच इंचांवर चालतो. म्हणजे एकच पायरी वर गेलात तर जुनं चाक पुरतं, दोन पायऱ्या चढलात तर चाकही नवं हवं.

तिसरं माप भोकांचं. चाक नटांनी आवळतात. ही भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास जुळावा लागतो. जुन्या विलीज जीपला पाच भोकं आणि वर्तुळ साडेपाच इंचांचं, म्हणजे १३९.७ मिलीमीटर. जिप्सीचं आणि जिम्नीचंही तेच! पाच भोकांचं वर्तुळ मोजायचं कसं? समोरासमोर भोकंच नसतात ना! युक्ती सांगतो. शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्याला १.७ ने गुणा. ८२ मिलीमीटर आलं तर ८२ × १.७ = १३९.४. मोजताना थोडा फरक पडतोच, तेव्हा हे १३९.७ चंच चाक. याखेरीज मधलं मोठं भोकही कण्याच्या टोकावर नीट बसायला हवं.

आणि चौथं माप सगळ्यांत लबाड. डोळ्यांना ते दिसतच नाही. त्याचं नाव ऑफसेट. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य कुठे आणि गाडीला टेकणारा त्याचा पृष्ठभाग कुठे, यांमधलं हे अंतर. ऑफसेट वाढला की चाक गाडीच्या आत सरकतं, कमी झाला की बाहेर येतं.

समजा टायर २०५ चा होता, तो २३५ चा केला. रुंदी ३० मिलीमीटर वाढली. ऑफसेट तोच ठेवला तर १५ मिलीमीटर आत वाढले, १५ बाहेर. ऑफसेट १५ ने कमी असलेलं चाक घेतलं तर आतली बाजू होती तिथेच राहते आणि सगळे ३० मिलीमीटर बाहेर जातात. मग टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतो, चिखल थेट काचेवर उडवतो आणि चाकाच्या बेअरिंगवर जास्त ताण आणतो. पण ऑफसेट २० ने जास्त असलेलं चाक चुकून आलं तर? १५ अधिक २०, म्हणजे ३५ मिलीमीटर आत. जवळजवळ दोन बोटं! आणि आतल्या बाजूला काय काय असतं? स्प्रिंगचे पाटे, स्टेअरिंगचे दांडे आणि ब्रेकची रबरी नळी.

मामाच्या जिप्सीची गोष्ट

आता मामाकडे वळू. त्याची वाडी नागावला. पावसाळ्यात वाडीकडची पाखाडी म्हणजे नुसता चिखल. नारळ आणि सुपारी काढून आणायला त्याने जुनी जिप्सी घेतली होती. दोन पावसाळ्यांत ती चार-पाच वेळा रुतली आणि मामाने ठरवलं, मोठे टायर घालायचे. टायर रुंद, म्हणून चाकंही दुसरी हवीत, इथपर्यंत त्याचं बरोबर होतं. ओळखीतून कुठूनतरी जुनी चाकं मिळाली. पाच भोकं होती. लावून पाहिली तर नट बसले. मामा खूश! “बसली म्हणजे आपलीच,” म्हणाला. ऑफसेट कुणी पाहिलाच नाही.

गाडी दिसायला झकास झाली. पण माझी मामेबहीण, तेव्हा आठवीत होती, दुसऱ्याच दिवशी म्हणाली, “बाबा, उजवीकडे वळताना खस्स खस्स आवाज येतोय.”

“अगं, नवे टायर आहेत. घासून घासून बसतील.”

“पण बाबा, घासतायत कशाला?”

मामाने उत्तर दिलं नाही. ती मात्र गप्प बसली नाही. प्रत्येक वळणावर तोंडाने ‘खस्स’ म्हणायची. शेवटी वैतागून मामाने गाडी चौलच्या एका मेकॅनिककडे नेली. त्याने गाडी जॅकवर घेतली, स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवायला लावलं आणि बॅटरीचा झोत आत टाकला. मग हाक मारली, “काका, जरा इकडे येऊन बघा.”

पुढच्या चाकाच्या ब्रेकची रबरी नळी टायरला घासून घासून पातळ झाली होती. वरचं रबर गेलं होतं आणि आतले धागे दिसत होते. त्या नळीतून ब्रेकचं तेल जातं. ती फुटली असती तर ब्रेकचा पाय थेट खाली गेला असता. आणि दोनच दिवसांनी मामा भरलेली गाडी घेऊन कार्ले खिंडीतून पोयनाडला जाणार होता. त्या उतारावर काय झालं असतं, ते मला अजून लिहवत नाही.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “तुझा प्रश्न बरोबर होता. मीच ऐकला नाही.” नवी नळी घातली, ती चाकं उतरवली, मूळची चाकं परत बसली. त्यांवर कंपनीच्याच मापाचे, पण खोल नक्षीचे, चिखलाचे टायर आले. पैसे दोनदा गेले. पण त्यानंतरच्या पावसाळ्यात गाडी एकदाच रुतली, तीही फळी टाकून निघाली.

आधी हवा, मग टायर

आता एक गुपित सांगतो. वाळूत न रुतण्याचा सगळ्यांत स्वस्त उपाय मोठा टायर नाहीच. तो आहे, हवा कमी करणं!

हिशेब बघा. माणसांसकट जीपचं वजन १२०० किलो धरू. एका चाकावर ३०० किलो. टायरमध्ये ३० पौंड हवा असेल तर दर चौरस सेंटीमीटरवर साधारण २.१ किलोचा दाब पडतो. ३०० भागिले २.१, म्हणजे सुमारे १४३ चौरस सेंटीमीटर. एवढी मोठी जीप चार ठिकाणी टेकलेली, आणि एकेक जागा पोस्टकार्डापेक्षा जराशीच मोठी! हवा १५ पौंडांवर आणली की ही जागा जवळजवळ दुप्पट होते. टायर लांबट पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९२० आणि १९३० च्या दशकांत साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाचं वाळवंट पालथं घातलं. त्याच्याकडे आजच्यासारखे जंगी टायर नव्हते. हवा कमी करायची आणि अडकलं की चाकाखाली लोखंडी पट्ट्या सारायच्या, हीच त्याची युक्ती. पुढे १९४१ साली त्याने वाळूच्या भौतिकशास्त्रावर पुस्तकच लिहिलं.

पण लक्षात ठेवा, हवा फार कमी केली तर टायर चाकाच्या काठावरून निसटतो. आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी ती पुन्हा भरावीच लागते. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. म्हणून गाडीत पंप हवाच.

घरच्या मंडळींसाठी

तरीही मोठे टायर घ्यायचेच असतील, तर हा भाग आई-बाबांना वाचून दाखवा.

दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत कंपनीने टायरची मापं दिलेली असतात. त्यांच्या बाहेर जायचं तर आधी आरटीओत आणि कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मनाने बदल करायला मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. विमा कंपनीलाही कळवा.

चाक आणि टायर, दोन्हींची वजन पेलण्याची ताकद मूळच्यापेक्षा कमी नको. पाचवं चाक, म्हणजे स्टेपनी, त्याच मापाची हवी. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत वेगळ्या मापाची स्टेपनी लावून फिरलं तर आतले दाते बिघडतात.

चाकं बसवल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. मागच्या सीटवर माणसं बसवूनही पाहा, कारण ओझ्याने गाडी खाली येते. नट ओळीने नव्हे, पाच टोकांच्या चांदणीसारखे समोरासमोर आवळा आणि ५०-१०० किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासा.

आपल्याकडची हवा खारी. लोखंडी चाक गंजतं, पण वाकलं तर ठोकून सरळ करता येतं. मिश्रधातूचं चाक हलकं असतं, पण जबर धक्क्याने तडकतं. कुठलंही असो, खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका.

आणि एक विनंती. किती मोठा टायर असला तरी समुद्रकिनारा हा काही रस्ता नव्हे. ओहोटीला घट्ट दिसणारी ओली वाळू सहा तासांत पाण्याखाली जाते आणि रुतलेल्या गाडीसाठी भरती थांबत नाही. हरिहरेश्वर, दिवेआगरच्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात. ती आपल्याला वरून दिसत नाहीत, चाकाला तर मुळीच दिसत नाहीत. वाळूत चालायला आपले पायच छान!

तुमच्यासाठी काम

पट्टी आणि वही घेऊन आज घरातल्या किंवा शेजारच्या गाडीच्या टायरवरचे आकडे लिहून आणा. गाडी उभी असताना आणि मोठ्या माणसाला विचारून, बरं का! टायरची उंची गणिताने काढा आणि मग पट्टीने मोजून पाहा. मोजलेली थोडी कमी भरेल. का, ते ओळखा. (खाली दबलेल्या टायरकडे नीट बघितलंत की कळेल.)

आणि हे एक कोडं. मारुतीच्या जिम्नीला १९५/८० आर १५ टायर येतात. त्यांची उंची किती? तुमचं उत्तर ६९३ मिलीमीटर आलं, तर मामाच्या मेकॅनिककडे तुम्हाला नोकरी पक्की!

गाडीत बसलात आणि वळणावर ‘खस्स’ ऐकू आलं, तर गप्प बसू नका. मोठी माणसं ऐकेपर्यंत विचारत राहा.